पहिलीच्या वर्गात वाचन-लेखन: जूनपासून कोयता निघेपर्यंतचं नियोजन

आमच्या बीड जिल्ह्यातल्या वाडीवस्तीवरच्या शाळेचं वर्ष कॅलेंडरवर दहा महिन्यांचं दिसतं. पहिलीतल्या निम्म्याअधिक मुलांसाठी ते जेमतेम चार महिन्यांचं असतं. जूनच्या मध्याला शाळा उघडते, दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, गाडी दारात येते आणि मुलं आईबापांबरोबर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. काही मुलं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची थेट मार्च-एप्रिलमध्ये दिसतात. त्यामुळे 'दिवाळीपर्यंत मुळाक्षरं, मग बाराखडी, उन्हाळ्यापर्यंत शब्द' हे नियोजन इथं चालत नाही. पोरगं 'ज्ञ'पर्यंत पोचायच्या आत फडात पोचलेलं असतं.

माझ्या पहिल्या वर्षी मी नेमकं तेच केलं होतं. गणपतीपर्यंत अख्खा वर्ग 'क का कि की' सुरात म्हणायचा. एकदा फळ्यावर नुसतं 'की' लिहून एका मुलाला विचारलं. तो गप्प. मग ओठांत 'क, का, कि...' असं पुटपुटत चौथ्या पायरीला आला आणि म्हणाला, "की!" त्याला अक्षर येत नव्हतं, चाल येत होती. पुढं लिहिलेलं सगळं त्या 'की'नंतर बदलत गेलेलं आहे. तुमच्या गावात स्थलांतर नसलं तरी हा क्रम चालेल, वेळ थोडा जास्त मिळेल इतकंच.

पहिले पंधरा दिवस: पाटी बाजूला

या दिवसांत मी अक्षर शिकवत नाही. मुलं बोलती झाली पाहिजेत आणि शब्द आवाजांचे बनतात हे त्यांच्या कानाला कळलं पाहिजे. रोज अर्धा तास गप्पा: काल कुणाची शेळी व्याली, कुणाच्या घरी पाहुणे आले. मुलं 'आय', 'पानी', 'साळा' म्हणतात. म्हणू द्या. पहिल्याच आठवड्यात 'पानी नाही, पाणी म्हण' असं चारदा ऐकलेलं मूल पाचव्यांदा तोंडच उघडत नाही. वऱ्हाडात शिकवणाऱ्यांना हेच 'डोया' आणि 'केयी'च्या बाबतीत सांगेन. घरची बोली ही चूक नाही. छापील शब्द पुढं वाचनातून येतोच.

मग कानाचे खेळ. पिशवीत वस्तू घालायच्या आणि 'म'नं सुरू होणारी काढायला सांगायची: मका, माळ, माती. नंतर शेवटचा आवाज ओळखायचा. हा अवघड असतो, घाई करू नये.

शब्दाच्या प्रत्येक तुकड्याला एक टाळी, या टाळ्यांच्या खेळात एक खाच आहे. 'बकरी'ला किती टाळ्या? मी तीन धरून बसले होते, कारण माझ्या डोळ्यांपुढे तीन अक्षरं होती. एका मुलीनं दोनच वाजवल्या: बक्-री. मी तिला परत वाजवायला लावलं, तिनं परत दोनच वाजवल्या. बरोबर तीच होती. बोलताना आपण 'बकरी'तला 'क' मोडतोच. तेव्हापासून टाळ्यांची संख्या मी तपासत नाही. कान लावून तुकडे पाडले की झालं.

याच काळात प्रत्येकाच्या नावाची पट्टी करा. जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा पुरतो. सकाळी आल्यावर आपली पट्टी शोधून हजेरीच्या दोरीला लावायची. मूल आयुष्यात पहिल्यांदा जे वाचतं ते त्याचं स्वतःचं नाव असतं, आणि 'माझ्यातला रा तुझ्यात पण हाय' हा शोध मुलं आपापलीच लावतात.

अक्षरांचा क्रम कसा लावायचा

वर्णमालेचा क्रम सुंदर आहे, उच्चारस्थानांप्रमाणे बांधलेला आहे, आणि नवशिक्याला निरुपयोगी आहे. क, ख, ग, घ, ङ शिकून झाल्यावर एकही धड शब्द हाती येत नाही. तक्त्यावरचा 'ण - बाण' घ्या. 'ण' आणि 'ळ'नं मराठी शब्द सुरू होत नाहीत, म्हणून तक्त्यात ते शेवटी असलेला शब्द देतात. मूल चित्र बघतं, मनात 'बाण' म्हणतं आणि 'ण'वर बोट ठेवून 'ब' सांगतं. यात मुलाचं काय चुकलं?

गट पाडताना मी तीन गोष्टी बघते. आठवडाभरात त्यातून शब्द झाले पाहिजेत, ते शब्द मुलाच्या तोंडातले असले पाहिजेत, आणि सारखी दिसणारी अक्षरं एका गटात नकोत. ब-व, घ-ध, भ-म, थ-य या जोड्यांमध्ये निदान तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. माझे गट असे आहेत:

पहिला गट: क, म, न, र आणि काना. यातून नाक, कान, मान, काम, रान, मका, काका, मामा, नाना. नाक-कान-मान हात लावून दाखवता येतात. वाक्यही होतं: 'मामा, काम कर.'

दुसरा गट: ब, त, ळ, आ, ई आणि दुसरी वेलांटी. यातून आई, ताई, बाबा, बाळ, ताक, माती, काळी, बकरी. पहिल्या गटाला जोडून: 'बाबा रानात. काळी बकरी रानात.'

तिसरा गट: स, प, ल, व, ऊ, दुसरा उकार आणि एक मात्रा. यातून ऊस, पाऊस, पेरू, पाल, केस, वासरू, सावली.

चौथा गट: ग, ड, य, द, पहिली वेलांटी आणि काना-मात्रा. यातून गाडी, डोळा, दोरी, कोपी (ऊसतोड मजुरांची झोपडी), कोयता, दिवाळी.

चौथा गट मी मुद्दाम असा बांधलाय. दसऱ्याच्या आसपास तो संपतो आणि निघताना मुलाला 'आई ऊस तोडते' हे वाक्य वाचता येतं, लिहिता येतं. तुम्ही मासेमारीच्या गावात असाल तर 'होडी' आणि 'जाळं' आधी यायला हवं. पाठ्यपुस्तकातले गट वेगळे असतील तर भांडत बसू नका, पुस्तकाचे गट धरून त्यात आपल्या गावाचे शब्द भरा.

गटांनी शिकवायची ही कल्पना माझी नाही. फलटणला १९७८ साली प्रगत शिक्षण संस्था काढणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी सुरुवातीच्या वाचनावर आयुष्य घालवलं, त्यांच्यासारख्यांच्या कामातूनच ती शिक्षकांपर्यंत झिरपली. तरी भेटीला आलेले एक साहेब मला विचारून गेलेच, "बाई, मुळाक्षरं कुठपर्यंत आली?" मी मुलाला 'काळी बकरी रानात' वाचायला लावलं. साहेब म्हणाले, "ते ठीक, पण ङ?"

एका गटाचे पंधरा दिवस

पहिल्या दिवशी शब्द आधी, अक्षर नंतर. 'नाक' या शब्दावर बोलायचं, फळ्यावर मोठा लिहायचा, बोट फिरवत सावकाश म्हणायचा, मग 'ना' आणि 'क' वेगळे करून दाखवायचे. रोज एक किंवा दोन नवी अक्षरं, त्याहून जास्त नाही. म्हणताना 'न नळाचा' नको, नुसता 'न'. नाहीतर वाचताना मूल 'नळाचा-काना-कमळाचा' असं जोडत बसतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कार्डं. चार मुलांचा एक गट, मध्ये अक्षरकार्डं, आणि काम एकच: शब्द बनवा. 'मान' उलटा केला की 'नमा' होतो, तो शब्द नाही म्हणून मुलं हसतात. हसली म्हणजे ती अर्थाकडे बघतायत. दुसऱ्या आठवड्यात शब्दपट्ट्या आणि वाक्यं. शेवटच्या दोन दिवसांत नवीन काही नाही, राहिलेल्यांना धरून बसायचं.

दोन इयत्ता एका खोलीत असतील, आणि बहुतेकांच्या असतातच, तर पहिलीला मी सकाळचा पहिला दीड तास देते. दुसरीची मुलं तेवढ्यात जोडीनं वाचतात. दुसरीतलं कच्चं मूल पहिलीच्या गटात 'मदतनीस' म्हणून बसवावं. त्याचा मान राहतो आणि राहिलेलं पदरात पडतं.

अक्षरं येतात पण शब्द होत नाही

सगळ्यात जास्त मुलं अडतात ती इथं, म्हणून इथं थोडं रेंगाळते. मूल 'घ' ओळखतं, 'र' ओळखतं, पण 'घऽ... रऽ' म्हणून थांबतं. कारण 'घऽरऽ' असा शब्द त्यानं कधी ऐकलेलाच नाही. आपण 'घर्' म्हणतो. लिहिताना शेवटच्या अक्षरात 'अ' आहे, बोलताना तो गळून पडतो. हे कुणी सांगत नाही आणि सगळे 'एकत्र वाच, एकत्र वाच' म्हणून ओरडत राहतात.

काय करायचं? काना असलेल्या शब्दांपासून सुरुवात करायची. 'मान'मध्ये 'मा' लांबवता येतो. बोट 'मा'खाली ठेवून 'माऽऽऽ' म्हणत राहायचं, श्वास तोडायचा नाही, आणि बोट 'न'वर गेलं की झटकन मिटवायचं: 'माऽऽन्'. सायकल उतारावरून सोडल्यासारखं. काही मुलांना हे दोन दिवसांत जमतं, काहींना दोन आठवडे लागतात. 'घर', 'रस', 'बस' असे बिनकान्याचे शब्द त्यानंतर.

चार अक्षरी बिनकान्याचे शब्द दोन-दोन तोडायचे: खट-पट, अड-गळ, गड-बड. तीन अक्षरी शब्दांत पहिलं अक्षर सुटं आणि पुढची दोन एकत्र: क-मळ, म-गर, ग-वत. मुलांना नियम सांगू नका, कागदाच्या तुकड्यानं झाकून दाखवा.

च, ज आणि झ यांचा वेगळा घोळ आहे. 'चाक'मधला च आणि 'चहा'तला च वेगळे, 'जत्रा'तला ज आणि 'जग'मधला ज वेगळे, अक्षर मात्र एकच. मूल 'चाक' हा शब्द 'चहा'तल्या च-नं वाचेल आणि गोंधळेल. अशा वेळी विचारायचं, 'असा शब्द आपण बोलतो का? मग कसा बोलतो?' एवढ्या एका प्रश्नानं मूल स्वतःला दुरुस्त करायला शिकतं.

स्वरचिन्हं आणि जोडाक्षरं

चौदाखडी आडवी पाठ करून घेण्यापेक्षा उभी वाचा: का, मा, ना, रा. मग की, मी, नी, री. एक खूण पक्की झाली की दुसरी. पहिली वेलांटी उशिरा घ्या, कारण ती लिहायची आधी आणि बोलायची नंतर. 'दिवा' लिहिताना मूल आधी 'द' काढतं आणि वेलांटीला जागाच उरत नाही. तेव्हा 'द'च्या डावीकडे बोटभर जागा सोडायची सवय लावा.

ऱ्हस्व-दीर्घाचा जाच पहिलीत नको. एक गोष्ट मात्र सांगून ठेवा, ती कायम कामाला येते: मराठी शब्दाच्या शेवटी दुसरी वेलांटी आणि दुसरा उकार. पाटी, वही, लाडू, पेरू.

जोडाक्षरं दुसरीत. पण 'ट्रॅक्टर' हा शब्द आमची मुलं त्याच्या किती तरी आधी ओळखतात, नुसत्या आकारावरून. त्यालाच धरून ट्र दाखवावा. 'र'ची रूपं एकेक घ्यायची: 'चक्र'मधला पायाशी, 'ट्रक'मधला टोपीसारखा खाली, 'गर्दी'तला डोक्यावर आणि 'पायऱ्या'तला आडवा. रफार सगळ्यात फसवा, कारण तो बसतो पुढच्या अक्षरावर आणि बोलतो त्याच्या आधी.

लिहिणं म्हणजे कित्ता नव्हे

हात तयार व्हायला मातीत, पाण्यानं फरशीवर, मग पाटीवर. अक्षर आधी, शिरोरेषा शब्द संपल्यावर, एका दमात. दर अक्षराला डोक्यावर रेघ मारत गेलं की शब्द तुटतो. डावखुऱ्या मुलाचा हात बदलू नका, त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा म्हणजे कोपर लागत नाही. फळ्यावर पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' काढा. १० नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयात हीच रूपं आहेत. मोबाइलवर मुलं दुसरीही बघतात, विचारलं तर 'तोही ल-च' म्हणून मोकळं व्हावं.

दुरेघी वहीत तेच अक्षर पन्नासदा उतरवणं हा हाताचा व्यायाम झाला. लिहिणं म्हणजे मनातलं कागदावर येणं, आणि त्यासाठी सगळी अक्षरं यायची वाट बघायची गरज नाही. ऑगस्टपासून मी रोज दहा मिनिटं 'माझी वही' ठेवते. आधी चित्र काढायचं, मग त्याखाली येईल तसं लिहायचं. एका मुलानं बैलाचं चित्र काढून खाली लिहिलं: 'बल मारका'. दोन मात्रा त्याला आलेल्याच नव्हत्या, पण 'मारका' चोख होता. मी लाल पेन काढलं नाही. खाली लिहिलं, 'बैल मारका? कुणाला मारलं?' त्यानं वाचलं, 'बैल'वर बोट ठेवलं, वर चढलेल्या दोन मात्रांकडे बघितलं आणि खाली लिहिलं: 'काकाला'. चुकलेला शब्द आपल्या उत्तरात बरोबर लिहून द्यायचा, एवढीच दुरुस्ती. एका वेळी एक.

श्रुतलेखन घ्या, पण शिकवलेल्या गटातलंच, पाच शब्द आणि एक वाक्य. तपासणी मुलांनीच फळ्याकडे बघून करायची.

रोज वाचून दाखवा

मध्यान्ह भोजनानंतर मुलं सुस्तावतात, तेव्हा पंधरा मिनिटं गोष्टीचं पुस्तक. पुस्तक मुलांकडे तोंड करून धरायचं, शब्दांखालून बोट न्यायचं, मध्येच थांबून 'आता काय होईल?' विचारायचं. ज्या घरात छापील कागद म्हणजे रेशनकार्ड आणि बियाण्याची पिशवी, त्या घरातल्या मुलाला पुस्तकातून गोष्ट निघते हे आधी दिसलं पाहिजे. तेच पुस्तक चारदा मागितलं तर चारदा वाचा.

तपासायचं कसं

पंधरा दिवसांतून एकदा, प्रत्येक मुलाला तीन मिनिटं, बाकीच्यांपासून दूर, व्हरांड्यात. चार गोष्टी: क्रम मोडून ठेवलेली अक्षरं, गटातले पाच शब्द, पुस्तकात नसलेलं एक वाक्य, आणि त्या वाक्यावर एक प्रश्न. 'बकरी कुठं आहे?' याचं उत्तर आलं तरच वाचन झालं असं मी धरते.

पाठांतर पकडायची सोपी युक्ती म्हणजे ओळीतल्या शेवटच्या शब्दापासून वाचायला लावणं. छताकडे बघून धडाधडा पान म्हणणारी मुलं इथं अडकतात. सारखं पुढं झुकून बघणाऱ्या मुलाचे डोळे तपासून घ्या. दोन वर्षं 'मंद' म्हणून मागे बसवलेल्या एका पोरीला चष्मा लागला आणि ती महिन्यात शब्द वाचायला लागली.

सरकारी मोजमापाचंही भान ठेवावं लागतं. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात पहिलीच्या अखेरीस चार-पाच सोप्या शब्दांचं अनोळखी वाक्य आणि तिसरीत मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह अशी अपेक्षा आहे. पहिलीची अपेक्षा अगदी वाजवी आहे. मिनिटाच्या मोजणीचं म्हणाल तर मुलांसमोर घड्याळ काढू नका, घड्याळ दिसलं की मुलं अर्थ सोडून पळत सुटतात.

गाडी यायच्या आधी

निघणाऱ्या मुलांची यादी सप्टेंबरमध्येच काढा, पालक तारीख सांगत नाहीत पण उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली का ते गावाला माहीत असतं. प्रत्येकाला एक पिशवी: चारही गटांची कार्डं, दोन पातळ गोष्टीची पुस्तकं, 'माझी वही' आणि तीन पेन्सिली. कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, कोपीत सगळं दवानं ओलं होतं. कोपीवरच्या मोठ्या भावंडाला दाखवून ठेवा की रोज पाच शब्द बनवायचे. आई-वडील दोघंही पहाटे फडात जातात, त्यांच्याकडून अभ्यास घ्यायची अपेक्षा धरू नका. ज्या आईकडे मोबाइल आहे तिच्यावर रविवारी एक छोटी गोष्ट माझ्या आवाजात पाठवते. कधी ऐकली जाते, कधी नाही.

मुलं परत आली की पहिल्या दिवशी चाचणी नको. आधी तिकडचं सांगू द्या आणि त्यांनी सांगितलेली वाक्यं त्यांच्या देखत फळ्यावर लिहा. मागच्या एप्रिलमध्ये आलेल्या एकीची वही उघडली तर शेवटच्या पानावर तिनं उसाच्या ट्रॉल्यांवर लिहिलेलं उतरवून आणलं होतं, बहुतेक नुसत्या आकारावरून. 'आई' आणि 'गाडी' तिनं वाचून दाखवलं, 'आशीर्वाद'पाशी अडली. रफार अजून झालाच नव्हता. दुसऱ्या दिवशी तिचा गट तिथूनच सुरू केला.